खिडकीबाहेर ठेवलेलं औषध

आबांनी एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली होती. बर्फाचा विषय निघाला की ते समोरच्याला हातानेच थांबवायचे. "बर्फ मला नका शिकवू," म्हणायचे. मुलगा या डोंगरातल्या गावी विजेच्या तारांच्या कामावर लागला आणि बायको-मुलीबरोबर बापालाही घेऊन आला, तेव्हा ओळखीच्यांनी आबांना घाबरवून सोडलं होतं. तिकडे चार-चार महिने बर्फ पडतो, हाडं गोठतात, म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. आबा हसले होते. जन्मभर बर्फ विकून खाल्ला, आता फुकटात मिळेल, म्हणाले होते.

त्यांना धाक होता तो उन्हाचा. त्यांच्या गावचं ऊन माणसं न्यायचं. त्यांची बायको अशीच गेली. दुपारी पाणी भरून आली, डोकं दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसली, आणि आबा कामावरून येईपर्यंत अंग तव्यासारखं तापलेलं, कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नाही. खांद्यावर दिवसभर बर्फाच्या लाद्या वाहणाऱ्या माणसाची बायको उन्हाने मेली. ही गोष्ट आबा कधी बोलत नसत, पण ती त्यांच्या मनातून कधी गेलीही नाही.

नात अकरा वर्षांची. लाडाचं नाव ठकी. सहाव्या वर्षीच तिला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, औषधाला उकाडा लागू देऊ नका, त्यातला गुण मरतो. आणि त्या गावात ऐन उन्हाळ्यात वीज दिवसदिवस गायब. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मग आबा कारखान्यातून भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणायचे. पत्र्याचा डबा, त्यात फडक्यात बाटल्या आणि भोवती बर्फ. दर तीन तासांनी पाणी काढायचं, नवा बर्फ घालायचा. पाच उन्हाळे त्यांनी असे काढले आणि एक बाटली वाया जाऊ दिली नाही. सून भेटेल त्याला सांगायची, "आमच्या आबांच्या हातात औषध आहे, मला घोर नाही."

त्या मंगळवारीही ती तशीच निर्धास्त कामावर गेली. नदीपलीकडच्या इस्पितळात ती कपडे धुलाईच्या खात्यात होती. मुलगा तीन दिवसांपासून तुटलेल्या तारा जोडायला वरच्या वाडीला गेला होता. घरात आबा आणि ठकी. शाळेला सुट्टी दिली होती, कारण सकाळपासूनच आभाळ खाली उतरलं होतं.

दुपारी बारा वाजता वीज गेली. घर उबदार ठेवणाऱ्या भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळ्या हळूहळू निवल्या. तीन वाजता सुनेचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज.

"आबा, पूल बंद केलाय. मी आज येत नाही. वीज आहे का?"

"नाही. पण आम्ही ठीक आहोत. तू काळजी करू नकोस."

"औषध तेवढं बघा हं, आबा. ते खराब..."

फोन मेला. पुन्हा लावला तर लागेना. मग मोबाइलवरच्या सगळ्या रेघाच गेल्या.

आबा उठले. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटवून दार लावून घेतलं होतं, म्हणजे निदान एक खोली उबदार राहील. ठकी तिथेच रजईत बसून चित्रं काढत होती. आबांनी फ्रीज उघडला, आत हात घातला. गार नव्हता. शेगडीची धग थेट फ्रीजपर्यंत येत होती. वीज गेलेली, खोली तापलेली, औषध आत. पाच उन्हाळ्यांची सवय हातात होती, हात आपोआप चालले. पत्र्याचा डबा काढला, तिन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या, आणि खिडकी किलकिली करून डबा बाहेरच्या कठड्यावर बर्फात रोवला. वरून दोन ओंजळी बर्फ दाबला.

"आबा, काय करताय?"

"तुझं औषध सांभाळतोय. इथे तर बर्फ आणायला जायलाही नको. दाराशी हजर." खिडकी लावताना त्यांना जरा बरंच वाटलं. या गावात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना जमणारं काम निघालं होतं.

सात वाजता डबा आत घेतला. वापरात असलेल्या बाटलीत पांढरं काहीतरी दिसत होतं. आबांनी ती मुठीत धरली, काखेत धरली, पाच मिनिटांत ती पाण्यासारखी झाली. बर्फ वितळला की पाणी, त्यात गेलं काय? ठकीने नेहमीप्रमाणे स्वतःच सुई भरली, पोटाला चिमटा काढला आणि टोचली. आबांनी बाकीच्या दोन बाटल्यांसकट डबा पुन्हा बाहेर ठेवला.

रात्रभर पोर पाणी मागत होती. पाणी प्यायची, लघवीला जायची, पुन्हा पाणी. आबांना वाटलं, थंडीने होत असेल. सकाळी तिने बोटाला टोचून यंत्रावर रक्ताचा थेंब लावला. आकडा तिने दोनदा बघितला.

"किती?"

"चारशे वीस."

आबांना आकड्यांतलं फार कळत नसे, पण दीडशेच्या वर गेलं की सूनबाई कपाळाला आठ्या घालते, एवढं ठाऊक होतं. "सुई घे लगेच."

तिने घेतली. तासाभराने पुन्हा बघितलं. या वेळी आकडाच आला नाही, नुसती अक्षरं आली. "याचा अर्थ यंत्राला मोजता येत नाही इतकी जास्त," ठकी म्हणाली, आणि मोरीकडे पळाली. ओकारी झाली. परत आली तेव्हा ओठ कोरडे आणि तोंडाला कुजक्या फळासारखा वास.

आबांनी औषधाचं खोकं काढलं. त्यात घडी घातलेला पातळ कागद होता, मुंगीएवढी अक्षरं. पाच वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता. डॉक्टर सांगत होते, घरचे ऐकत होते. आबांच्या चष्म्याला ती अक्षरं दिसेनात. "तू वाच गं," ते म्हणाले. "औषध ठेवण्याबद्दल काय लिहिलंय ते."

ठकी कागद डोळ्यांजवळ धरून वाचू लागली. "कडक ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा." ती थांबली.

"मग? ते तर केलंच आपण. पुढे?"

"गोठू देऊ नका." तिचा आवाज बारीक झाला. "एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरू नका. फेकून द्या."

आबांनी तिच्या हातातून कागद घेऊन उजेडाला धरला.

"म्हणजे आबा, मला कालपासून औषध मिळालंच नाही?"

ती रागाने बोलली नाही, विचारत होती. ती रागावली असती तर आबांना बरं वाटलं असतं. त्यांनी खिडकी उघडली. डब्यात उरलेल्या दोन बाटल्या होत्या. एक उभी चिरलेली, आतलं औषध काचेबाहेर दगडासारखं आलेलं. दुसरी अख्खी, पण आरपार पांढरी.

गावी त्यांच्या हातातला बर्फ सतत वितळत असायचा. बाहेर भट्टी पेटलेली आणि तो जीव टाकत असलेला. अशा बर्फाशेजारी बाटली गार राहते, गोठत नाही. इथला बर्फ वितळत नव्हता. इथली हवाच बर्फाहून गार होती. आणि हे न कळायला आबा काही अडाणी नव्हते. एकतीस वर्षं ते पाण्याने भरलेले डबे खारट पाण्याच्या, बर्फाहून गार हौदात सोडायचे, दुसऱ्या दिवशी डब्यातून लादी काढायचे. डब्यातलं पाणी गोठवण्यावर ज्याचं पोट चाललं होतं, त्याने स्वतःच्या नातीचं औषध डब्यात घालून गोठवलं होतं.

"आबा, मी काय करू?" ठकीने विचारलं.

"तू झोप. मी आलोच."

जिन्यात अंधार. वरच्या दाराला कुलूप, समोरच्या दाराला कुलूप, लोक बर्फ पडायला लागण्याआधीच खाली शहराकडे गेले होते. खालच्या मजल्यावर एक बाई राहत होत्या, सत्तरीच्या, सडपातळ, दोरीसारख्या पिळदार. चाळीस वर्षं या गावात त्यांनी घरोघरी टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना टपालबाईच म्हणत. आबांशी त्यांचं बोलणं आजवर 'आज थंडी आहे' आणि 'हो, आहे' एवढंच.

दार उघडलं तसे आबा एका दमात सगळं बोलून गेले.

"मला साखर आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या गोळ्या आहेत. त्या पोराटोरांच्या आजाराला चालत नाहीत. गावातलं औषधाचं दुकान कालपासून बंद, दुकानदार पलीकडे अडकलाय. इस्पितळही पलीकडे." त्यांनी आबांच्या पायांकडे बघितलं. "हे बूट घालून तुम्ही कोपऱ्यापर्यंतही जाणार नाही, बर्फवाले. थांबा."

त्यांनी आपल्या गेलेल्या नवऱ्याचे बूट आणले, आत लोकर असलेले. मागच्या खोलीतून एक लांबट लाकडी घसरगाडी ओढून काढली. तिच्यावरून त्या थंडीत टपालाच्या पिशव्या ओढायच्या. ठकीला दोन रजयांत गुंडाळून गाडीवर आडवी केली आणि दोरीने बांधली. तिचं फक्त नाक दिसत होतं.

पूल दीड मैलावर. आबांना वाटलं होतं, बाहेर अंधारलेलं असेल, पण डोळे मिटावेत इतका उजेड होता. घरांच्या भिंती, कुंपणं, उभ्या मोटारी, सगळ्यांची एकच पांढरी ढेकळं झाली होती. पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. आबा दोरी खांद्यावर टाकून झपाझप ओढू लागले. शंभर पावलांत छाती भरून आली, पाठीवरून घामाच्या धारा.

"सावकाश!" टपालबाई ओरडल्या. "घाम येऊ देऊ नका."

"घाम आला तर आला, बाई! पोर..."

"पोरीसाठीच सांगतेय. घाम अंगावर गोठला की तुम्ही बसाल. मग मी कुणाकुणाला ओढू? गळ्याचं बटण उघडा, आणि माझ्या पावलात पाऊल टाका."

आबांनी बटण उघडलं. गावी घाम थांबला की माणूस संपला असं समजायचं. इथे घाम आला की संपला. त्यांचं सगळं शहाणपण इथे असं उलटं पडत होतं. ते मुकाट्याने बाईंच्या पावलात पाऊल टाकत चालू लागले. दर थोड्या वेळाने वळून हाक मारायचे, "ठके!" रजईतून "हं" यायचं. एकदा आलं नाही. आबा गुडघ्यांवर बसले, रजई उघडली. डोळे मिटलेले, श्वास जोरजोरात, पळून आल्यासारखा. "झोप येतेय फक्त," ती पुटपुटली.

पुलाच्या तोंडाशी आडवा लोखंडी खांब टाकलेला होता. शेजारी पहारेकऱ्याची पत्र्याची खोली, धुराडं चालू. पहारेकरी बाहेर आला, चाळिशीचा, मिशांना बर्फ लागलेला.

"मागे फिरा. पुलावर काचेसारखा थर जमलाय. काल एक गाडी कठड्यात घुसली. पायी तर वारा उचलून नदीत टाकेल."

"माझी नात मरतेय हो," आबा म्हणाले. त्यांनी हात जोडले नाहीत, पहारेकऱ्याची बाही धरली. "तिचं औषध मी नासवलंय. मला जाऊ द्या. मी रांगत जाईन."

"आजोबा, मला हुकूम आहे. तुम्ही दोघं पडलात तर जबाबदार कोण?"

आबा खांबाखालून वाकून जायला लागले. पहारेकऱ्याने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. दोघंही बर्फात पडले. आबा उठले आणि पुन्हा खांबाकडे गेले, पुन्हा ओढले गेले. वयाला न शोभणारी झटापट होती. तिसऱ्यांदा आबांना उठताच येईना.

तेवढ्यात टपालबाई पुढे झाल्या. "ए," त्या म्हणाल्या. "तू जन्मलास त्याची तार तुझ्या बापाला मी दिली होती. असल्याच बर्फात. आठ मैल चालून. तेव्हा मला कुणाचा हुकूम नव्हता. तुझ्या खोलीत बिनतारी यंत्र आहे ना? ते काय शोभेला ठेवलंय?"

पहारेकऱ्याने एकदा गाडीवरच्या नाकाकडे बघितलं. "आत आणा तिला," तो म्हणाला.

यंत्रावर खरखर झाली, मग पलीकडचा माणूस आला, मग बऱ्याच वेळाने इस्पितळातली कुणी डॉक्टरीण. तिने चार प्रश्न विचारले. श्वास कसा, वास कसला, ओकाऱ्या किती, शुद्धीवर आहे का? मग म्हणाली, "तिला पुलावरून आणू नका. बर्फ काढायचं मशीन आम्ही तिकडून पाठवतो, परिचारिका देऊन. घोट घोट पाणी पाजा. आणि झोपू देऊ नका."

"किती वेळ?" आबांनी विचारलं.

"मशीनला पूल ओलांडायला लागेल तेवढा."

ती वाट बघण्यासारखं वाईट आबांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. ओढत होते तोवर निदान अंग चालत होतं. आता पत्र्याच्या खोलीत, शेगडीपाशी, ठकीचं डोकं मांडीवर. टपालबाई चमच्याने पाणी घालत होत्या. अर्धं बाहेर यायचं.

"झोपू नको गं."

"मग काहीतरी सांगा," ठकी म्हणाली. जीभ जड झाली होती. "आपल्या गावचं सांगा. उन्हाचं."

आबांना उन्हाचं बोलावंसं कधी वाटत नसे, पण ते बोलू लागले. रस्त्यावरचं डांबर कसं चपलेला चिकटायचं आणि सोडवताना चपलेचाच तुकडा तिथे राहायचा. नळाच्या पाण्याने दुपारी हात भाजायचे. कुत्री गटारात पोट टेकून पडायची, त्यांना दगड मारायचंही कुणाच्या अंगात त्राण नसायचं. कारखान्याच्या दारात बर्फ घ्यायला आलेली माणसं लादीला गाल लावून उभी राहायची, आणि मुकादम ओरडायचा, "अरे, चाटू नका, वजन कमी होतं!"

ठकीच्या ओठाचा कोपरा हलला. "दाराची कडी आठवते? हात लावला की चटका."

"हो. आणि तू ओढणीने उघडायचीस."

"इथलीपण कडी चटका देते, आबा. तस्साच." ती थांबली. "आजीला पण असंच झोप आल्यासारखं झालं होतं का?"

टपालबाईंचा चमचा हवेत थांबला.

"तुझी आजी एकटी होती," आबा म्हणाले. "तू एकटी नाहीस. डोळे उघड. ठके, डोळे उघड, ऐकतेस का?"

तिने उघडले नाहीत. आबांनी गाल थोपटला, मग जोराने मारला. पोरीच्या अंगाला त्यांचा हात असा कधी लागला नव्हता. तिने डोळे अर्धे उघडले, पण बघत कुठेच नव्हती.

पावणेदोन तासांनी मशीनचा आवाज आला. पहारेकरी धावत बाहेर गेला. परिचारिका आत आली, आणि तिच्यामागे सूनबाई. इस्पितळाच्या निळ्या झग्यावर कुणाचातरी मोठा कोट. ती आबांकडे न बघता पोरीपाशी बसली. परिचारिकेने सुई दिली, हाताला सलाइन लावलं, बाटली पहारेकऱ्याच्या टोपीच्या खुंटीला अडकवली.

"आता लगेच न्यायचं," ती म्हणाली.

सूनबाईने तेव्हा मान वर केली. "आबा, औषध कुठे ठेवलं होतं?"

"खिडकीबाहेर."

"खिडकीबाहेर?"

"वीज गेली होती. शेगडी पेटवली होती. उन्हाळ्यात आपण..."

"हा उन्हाळा आहे का, आबा?"

मशीनच्या केबिनमध्ये चौघांपुरतीच जागा होती. चालक, परिचारिका, ठकी, सूनबाई. आबा पुलाच्या अलीकडे राहिले. मशीन दिसेनासं झालं तरी ते खांब धरून उभे होते. शेवटी टपालबाईंनी त्यांची बोटं एकेक करून लोखंडावरून सोडवली.

संध्याकाळी पहारेकऱ्याच्या यंत्रावर निरोप आला. श्वास सावरतोय. आबा रात्रभर तिथेच बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, पोरीने आईला ओळखलं. तो ऐकला आणि आबा पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून रडले. पहारेकरी उगाचच शेगडीत लाकडं घालत बसला.

पूल तिसऱ्या दिवशी उघडला. ठकी सहाव्या दिवशी घरी आली, गालफडं बसलेली, पण बडबड चालू. मुलगाही परतला होता. तो बापाला काही बोलला नाही. सूनबाईही बोलत नव्हती. आबांपुढे ताट यायचं, पाणी यायचं, शब्द यायचा नाही. औषध आता ती स्वतः ठेवायची. आबांनी फ्रीजला हातसुद्धा लावणं सोडलं. दुधाचं भांडं हवं असलं तरी ठकीला सांगायचे.

आठवड्याने खालच्या शहराची बस सुरू झाली. त्या सकाळी आबा सामानाची पिशवी भरून बाहेरच्या खोलीत बसले. सूनबाई कामाला निघायच्या गडबडीत आली, पिशवी बघून थांबली.

"हे काय?"

"मी परत जातो, सूनबाई. तिकडे खोली अजून आपली आहे. माझ्या हाताने दुसऱ्यांदा काही होऊ नये. एकदा..."

सूनबाई कोटाची बटणं लावत उभी राहिली. सगळी लावून झाली तरी उभीच होती.

"मला तुमचा राग आलाय, आबा," ती म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "खूप आलाय. तुमचा चेहरा बघितला की मला ती पत्र्याची खोली दिसते. तो राग लवकर जाणार नाही. पण फोन कापला गेला तेव्हा मी तुम्हाला 'औषध गार ठेवा'च म्हणणार होते. ते गोठूही शकतं, हे माझ्यासुद्धा डोक्यात नव्हतं. इस्पितळात काम करते मी! हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या मुलालाही नाही."

ती पिशवीपाशी आली.

"मी आठला जाते, ते सहाला येतात. तुम्ही गेलात तर ती शाळेतून येऊन कुणाजवळ बसणार?" तिने पिशवी उचलली, आतल्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि आपल्या पर्सच्या कप्प्यातून एक कागद काढून आबांपुढे धरला. त्यावर ठकीच्या औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिल्या होत्या. "दुपारची साखर आता तुम्ही बघायची. आकडा लिहून ठेवायचा. ती चुकवते."

आबांनी कागद घेतला. सूनबाई दार ओढून घेऊन जिना उतरली. खाली टपालबाई फावड्याने दारापुढचा बर्फ काढत होत्या, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.